शार्क अगदी जवळून पाहिलाय का? घरच्यांसोबतचा अनुभव लिहा

लातूरची मीरा:
काल पोरीच्या चित्रकलेच्या वहीत शार्क निघाला. निळ्या खडूनं रंगवलेला, दात पांढरे सोडलेले. पोळी तव्यावर होती अन् एकदम आई डोळ्यांपुढं आली.

२०१८ ला भाऊ दुबईत होता, त्यानं आम्हाला बोलावून घेतलं. दुबई मॉलमधलं मत्स्यालय दाखवलं. आईनं तोवर समुद्रसुद्धा पाहिला नव्हता. बोगद्यात शिरलो अन् डोक्यावरून सॅण्ड टायगर शार्क गेला. तोंड मिटलेलं तरी दात बाहेर, मोडक्या फणीसारखे. पोट पांढरंफट, कल्ल्यांच्या फटी एकेक मोजून घ्याव्या इतका जवळ. मला वाटलं आई घाबरंल. तिनं पदर खोचला, हात वर करून तळवा टेकवला अन् पहिला प्रश्न विचारला, "ह्यात पाणी किती असंल गं?"

भाऊ म्हणला, एक कोटी लिटर. आई गप्पच झाली. आम्हा लातूरकरांना १२ एप्रिल २०१६ तोंडपाठ आहे, मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली तो दिवस. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आईनं तिथंच हिशोब केला, "म्हणजे तसल्या वीस गाड्या." मग शार्ककडं बघून म्हणली, "सुखात ऱ्हा रं बाबा."

आई आता नाही. तुम्ही घरच्यांसोबत पाहिला असंल तर लिहा ना. कुठंही, केवढाही.

परभणीची आत्या:
मीरा, वाचून गलबलून आलं गं. लेकरांना क्लासला सोडायला निघालेय, रात्री लिहिते.

नांदेडकर:
वीस गाड्या! काटा आला अंगावर.
माझा मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयातला, १९८४. तवा मनमाडला छोटी गाडी सोडून मोठ्या गाडीत बसावं लागायचं, ट्रंक डोक्यावर घेऊन. मामानं चर्नी रोडला उतरवून चालत नेलं. आत अंधार, हिरवट उजेड. शार्क लहानच होता, हातभर. आमचे बाबा मास्तर. खाली उकिडवे बसले अन् म्हणले, ह्याच्या अंगात एक हाड नाही, सगळी कूर्चा. "कूर्चा म्हणजे?" तर माझा कान वरून दुमडून दाखवला, "हे असं." एरवी तो कान पिळायलाच धरायचे. एवढ्या हळू कधीच धरला नव्हता. टाळेबंदीत ते मत्स्यालय बंद झालं, माझ्या पोरांना दाखवायचं राहूनच गेलं.

जालन्याचा सोपान:
अहमदाबाद, सायन्स सिटी. २८ मीटरचा बोगदा आहे. आमचं बारकं पाच वर्षांचं. तळाशी एक शार्क निपचित पडलेला, ते बघून भोकाड पसरलं, "मेलाऽ". तिथल्या ताईंनी जवळ बसवलं अन् गाल बघ म्हणल्या. ही जात तोंडानं पाणी ओढून कल्ल्यांतून सोडते, म्हणून पडून राहिली तरी श्वास चालू. काही जातींना मात्र पोहत राहिल्याशिवाय जमत नाही. मग काय, पोरगं तिथून हलेचना. गाल मोजत बसलं. सव्वाशेपर्यंत मोजले, शंभरच्या पुढं त्याला येतही नव्हतं, बहिणीनं सांगितलं.

हिंगोलीकर:
सोपानभाऊ, जायचं कसं? सोबत म्हातारी माणसं आहेत.

जालन्याचा सोपान:
आम्ही संभाजीनगरहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं गेलो. खालची सीट बघून घ्या. दशम्या अन् शेंगदाण्याची चटणी सोबत ठेवा.

बीडची शुभा:
घरच्या टाकीतला चालंल का? दुकानातून 'शार्क' म्हणून दोन बोटांएवढा आणला होता भावानं. तो शार्क नसतोच, कॅटफिशची जात असते, तीन-चार फूट वाढते. आम्हाला कुठं ठाऊक. टाकी दोन फुटाची. रात्री लाइट लावला की बिचकायचा अन् काचेवर धाडकन नाक आपटायचा, नाक लालबुंद. मला झोप यायची नाही. शेजारचे म्हणले बिंदुसरेत सोडून द्या. पण बाहेरचा मासा धरणात सोडू नये, तिथल्या माशांचं वाटोळं होतं. शेवटी मोठा हौद असलेल्या एकांकडं दिला. आणू नका कुणी.

धाराशिवची वहिनी:
माझं माहेर इकडलंच, पण जाऊबाई मालवणच्या. त्यांच्याकडं शार्कला मोरी म्हणतात, कालवण करतात. पहिल्यांदा धुवायला घेतला, शेपटीकडून डोक्याकडं हात फिरवला तर कानशीसारखं खरखरलं. दिसायला एवढा गुळगुळीत! जाऊबाई त्यात तिरफळं घालतात, इकडं मिळत नाहीत. कुणाला लातूरात कुठं मिळतात ठाऊक आहे का?

नांदेडकर:
वहिनी, आमच्याकडं वाण्याकडं बघतो.

परभणीची आत्या:
आले. भांडी घासून बसले.
सासऱ्यांना दमा अन् गुडघे गेलेले. एका मोठ्या शहरातल्या मत्स्यालयात नेलं, तर बोगद्याच्या आधी चार पायऱ्या, व्हीलचेअरला उतारच नाही. दादा म्हणले, मी बाहेर बसतो, तुम्ही बघून या. जीव तुटला माझा. दोन अनोळखी पोरं आली अन् खुर्चीसकट उचललं. आत दादांनी तोच मीराच्या आईचा सॅण्ड टायगर पाहिला, वर जाऊन हवा गिळताना. म्हणले, "ह्यालाही दम लागतोय काय?" फलकावर वाचलं, शार्कला इतर माशांसारखी पोटातली हवेची पिशवी नसते. ही जात हवा गिळून पोटात धरते, म्हणजे न बुडता जागच्या जागी तरंगता येतं. दादांना वाचून दाखवलं. परत येताना गाडीत त्यांनी दोनदा तसंच गाल फुगवून नातवाला दाखवलं, अन् पंपही घ्यावा लागला नाही त्या रात्री.

लातूरची मीरा:
आत्या, त्या पोरांचं भलं होवो.
जुन्या फोनमध्ये व्हिडिओ सापडला, अकरा सेकंदांचा. शार्क निघून गेलेला आहे. आईचा हात दिसतोय नुसता, हिरव्या बांगड्या अन् मागं पाणी.

हिंगोलीकर:
ताई, जपून ठेवा. दुसऱ्या फोनवर पण घेऊन ठेवा.