हिरो आणि त्याचा डुप्लिकेट: दोस्ती की चाकरी?

गोदाकाठ:
काल रात्री दिग्दर्शक टॅरंटिनोचा 'वन्स अपॉन अ टाइम इन हॉलीवूड' (२०१९) पुन्हा पाहिला. काळ १९६९ चा. टीव्हीवरच्या वेस्टर्न मालिकेचा एकेकाळचा हिरो रिक डाल्टन आता दुसऱ्यांच्या मालिकांत खलनायक होऊन मार खातोय. त्याचा स्टंटमन क्लिफ बूथ त्याची गाडी चालवतो, छपरावर चढून अँटेना नीट करतो. सगळे म्हणतात, काय दोस्ती आहे! मला ती चाकरी वाटते. रिक डोंगरावरच्या बंगल्यात राहतो, क्लिफ ड्राइव्ह-इन थिएटरमागच्या ट्रेलरमध्ये. इटलीत लग्न केल्यावर रिक त्याला सांगतो की आता तुझा खर्च परवडणार नाही. शेवटी चाकू लागलेला क्लिफ ॲम्ब्युलन्समधून जातो आणि रिकसाठी शेजारच्या नामांकित नटीच्या घराचं फाटक उघडतं. क्लिफच्या भूमिकेसाठी ब्रॅड पिटला २०२० मध्ये ऑस्कर मिळालं. खऱ्या स्टंटवाल्यांसाठी तेव्हा तिथे विभागच नव्हता. तो २०२७ च्या चित्रपटांपासून सुरू होतोय.

तिवंधा चौक:
अजिबात पटलं नाही. पगार घेतला म्हणजे मैत्री बाद? माझ्या वडिलांचा टेम्पो होता, मार्केट यार्डातून वाशीला भाजी जायची. चालवणारे काका बावीस वर्षं आमच्याकडे होते. टेम्पो विकला तेव्हा वडिलांनी त्यांना हेच सांगितलं, परवडत नाही. वडील गेले तेव्हा खांदा द्यायला सगळ्यांच्या आधी तेच काका उभे होते. आणि ॲम्ब्युलन्सपाशी रिकला 'जा, झोप' म्हणून घरी पाठवतो तो क्लिफच.

गोदाकाठ:
काकांनी खांदा दिला, हे काकांचं मोठेपण. तुमच्या घराने त्यांच्यासाठी काय केलं ते सांगा.

तिवंधा चौक:
त्यांच्या मुलीच्या लग्नात आम्ही घरचेच होतो. तुम्ही हिशेब मागताय, मैत्रीत तो नसतो.

सराफ बाजार:
दोघेही माणसांवर घसरताय, मला धंदा दिसतो. मूकपटांच्या काळात मास्टर विठ्ठल मारधाडीचे राजे होते. १९३१ मध्ये भारताच्या पहिल्या बोलपटाचे, 'आलम आरा'चे नायकही तेच, पण हिंदी बोलणं जमेना म्हणून त्यांच्या वाट्याला संवादच फारसे आले नाहीत. नंतर ते हळूहळू मागे पडले. आपल्याच गावात बघा. फाळक्यांनी १९१८ मध्ये नाशकात हिंदुस्तान फिल्म कंपनी उभी केली. त्यांचा एकमेव बोलपट 'गंगावतरण' १९३७ चा, तोही शेवटचा. १९४४ मध्ये इथेच गेले, उद्योग त्यांच्याशिवाय पुढे निघून गेला होता. त्यामुळे एकट्या रिकला दोष देऊ नका, लाट आली की मालक-नोकर दोघेही वाहतात.

रहाडवाली:
इतका वेळ नुसतं वाचत होते. माझे मामा ऐंशीच्या दशकात मुंबईत एका हिंदी हिरोचे डुप्लिकेट होते. जुन्या नाशकातले, रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, पहिल्या उडीचा धप्पा त्यांचा, पुरात होळकर पुलावरून उडीही तेच मारणार. उंची आणि खांदे त्या हिरोसारखे, म्हणून फाईट मास्टरने उचलले. मग त्याच्यासारखं चालायला शिकले, तो केस वाढवेल तेव्हा केस वाढवले. एकदा पहिल्या मजल्यावरून उडी होती. खाली पुठ्ठ्याची खोकी, वर गाद्या. खोकी सरकली, गुडघा गेला. निर्मात्याने त्या दिवसाची मजुरी दिली, बाकी खर्च आजीच्या पाटल्यांतून झाला. हिरोला पुढे कामं मिळेनाशी झाली, तेव्हा मामांचंही काम थांबलं. त्यांची अंगकाठी दुसऱ्या कुणाशी जुळत नव्हती. सराफ बाजार म्हणतात तसे दोघे एकाच लाटेत वाहिले, पण एकाच्या खाली फ्लॅट होता.

गोदाकाठ:
हेच म्हणतोय मी! जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूत रॅम्पवरून गाडी उलटवताना एक स्टंटमन जिवानिशी गेला. अशा घराला मैत्रीच्या गोष्टी नकोत, विमा हवा, श्रेयनामावलीत नाव हवं.

तिवंधा चौक:
विमा हवाच, त्यावर भांडण नाही. पण ताई, तो हिरो नंतर कधी भेटला का मामांना?

रहाडवाली:
भेटला. त्र्यंबकला दर्शनाला आला होता, पत्ता शोधत आमच्या वाड्यात आला. दोन तास बसला. मामांचा गुडघा बघून रडला, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. मामींनी पिठलं-भाकरी वाढली, दोघे एका पंगतीला जेवले. आई आजही चिडते, 'ऑपरेशनच्या वेळी कुठे होता?' मामा मात्र त्याच्याविरुद्ध एक शब्द ऐकून घेत नाहीत.

गोदाकाठ:
मामा त्याला काय म्हणून हाक मारायचे?

रहाडवाली:
'सर'. आणि तो मामांना नावाने, अरे-तुरे. जेवतानाही तसंच. हे आजवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं. उद्या मामांकडे जाणार आहे, त्यांनाच विचारते आणि इथे लिहिते.