नवा गेमिंग लॅपटॉप घेतलाय, बदलून घ्यायची मुदत संपायच्या आत सल्ला हवा

मोर्णाकाठ
नमस्कार मंडळी. मी अकोल्याची, आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. रेंडरिंग आणि गेम्स दोन्हींसाठी एकच मशीन हवं होतं, म्हणून घरच्यांशी बोलून ऑनलाइन सेलमधून १६ इंची गेमिंग लॅपटॉप घेतला. इंटेल आय७-१४६५०एचएक्स, आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम, १ टीबी एसएसडी, २५६० बाय १६०० चा १६५ हर्ट्झवाला पडदा, २३० वॉटचा चार्जर. सव्वा लाखाच्या जरा आत बसला. आमच्या घरात गाडीनंतरची ही सगळ्यात मोठी खरेदी आहे, त्यामुळे बदलून घ्यायची मुदत आहे तोवर नीट पारखून घ्यायचा आहे.

आधी आवडलेलं सांगते. पडदा फार सुंदर आहे. कोटा फरशी आणि कडप्पा यांतला रंगाचा फरक जुन्या लॅपटॉपवर रेंडरमध्ये कळायचाच नाही, सगळं राखाडी दिसायचं. इथे फरशीतली हिरवट झाक वेगळी दिसते. ज्या स्केचअप फाइलमध्ये मॉडेल फिरवलं की चित्र अडकत अडकत यायचं, ती आता हाताबरोबर फिरते. सायबरपंक २०७७ हा गेम हाय सेटिंगवर, डीएलएसएस (कमी तपशिलाचं चित्र एआयने मोठं करून फ्रेम वाढवणारी सोय) लावून, सेकंदाला ७० फ्रेमच्या आसपास चालतो. माझ्या भावाने तर दोन तास खुर्ची सोडली नाही.

आता काळजीच्या गोष्टी.
१. गेम चालू असताना प्रोसेसर ९६-९७ अंशांपर्यंत जातो. ग्राफिक्स कार्ड ७८-८०. यूट्यूबवरच्या रिव्ह्यूंमध्ये याच मॉडेलचा प्रोसेसर ८५ च्या आत दिसतो. माझाच नग खराब आलाय का?
२. चार्जर लावलेला असताना झाकणावर हलकं बोट फिरवलं की झिणझिण्या येतात.
३. लाईन गेली की इन्व्हर्टरवर चार्जर गुणगुणतो. आमचा इन्व्हर्टर जुना आहे.
४. कॉलेजमध्ये बॅटरी जेमतेम दोन तास पुरते, तेही फक्त पीडीएफ वाचताना.
५. थोडे पैसे घालून ४०७० वालं मॉडेल घ्यावं का?

सविस्तर सांगितलं तरी चालेल, सगळं वाचेन.

सह्यवारा
अभिनंदन! पाचव्याचं उत्तर आधी देतो, कारण तिथेच लोक पैसे घालवतात. लॅपटॉपमधल्या ४०७० लाही ८ जीबीच मेमरी आहे, ४०६० इतकीच. फ्रेम थोड्या वाढतील, पण रेंडरिंगमध्ये सीन मोठा झाला, झाडं आणि टेक्स्चर वाढली, की दोन्ही कार्डं एकाच ठिकाणी अडणार. तुमच्या कामाला पुढची खरी पायरी म्हणजे १२ जीबीवालं ५०७० टीआय, आणि त्याची किंमत फारच वर आहे. आहे ते ठेवा. उरलेल्या पैशांत रॅम वाढवा.

टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी, असं जाऊन किती स्लॉट भरलेत ते बघा. १६ ची एकच स्टिक असेल तर रॅम सिंगल चॅनेलमध्ये, म्हणजे एकाच वाटेने, चालतेय. तशीच दुसरी १६ ची लावली की डुअल चॅनेल होईल. गेममध्ये मध्येच बसणारे झटके कमी होतील आणि रेंडरला ३२ जीबी मिळेल. फक्त मागचं कव्हर उघडल्याने वॉरंटीला धक्का लागतो का, हे कंपनीकडून आधी लेखी विचारून घ्या.

रात्रपाळी
लॅपटॉप दुरुस्तीच्या कामात आहे, म्हणून पहिल्या मुद्द्यावर जरा सविस्तर लिहितो.

या प्रोसेसरची मूळ वीज ५५ वॉट, पण बूस्टमध्ये, म्हणजे पूर्ण जोर लावताना, तो १५७ वॉटपर्यंत ओढू शकतो. तापमानाची मर्यादा १०० अंश. इंटेलने तो बनवलाच असा आहे की वीज मिळतेय आणि १०० च्या आत आहे तोवर जोर लावत राहायचं. त्यामुळे ९६-९७ चा आकडा एकटा बघून नग खराब ठरत नाही.

दुसरं, ज्यांचे रिव्ह्यू तुम्ही पाहिलेत ते बहुतेक एसीच्या खोलीत, २२-२५ अंशांत टेस्ट करतात. तुमची खोली या दिवसांत किती असेल, ३८? ४०? पंखे बाहेरचीच हवा आत ओढतात. खोली जितकी गरम तितकाच आकडा आत वर चढतो, जवळजवळ एकास एक. तो १२-१५ अंशांचा फरक खोलीचा आहे, मशीनचा नाही. रिव्ह्यू बघताना खोलीचं तापमान सांगितलंय का हे आधी बघत जा. नसेल सांगितलं तर ते आकडे विदर्भात कामाचे नाहीत.

मग नग चांगला की वाईट हे कशावरून ठरवायचं? वॉटवरून. एचडब्ल्यूइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर टाका आणि गेम अर्धा तास चालू ठेवून दोन आकडे बघा: ग्राफिक्स कार्ड किती वॉट घेतंय, आणि अर्ध्या तासानंतरही तेवढेच घेतंय का. लॅपटॉपसाठीचं ४०६० हे नाव एकच असलं तरी ते ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत मिळतं, वर प्रोसेसरच्या वाट्यातून मिळणारा २५ वॉटचा डायनॅमिक बूस्ट. बारीक लॅपटॉपमधलं कमी वॉटचं ४०६० आणि तुमच्यासारख्या जाड मशीनमधलं ४०६० यांच्यात एका पिढीएवढा फरक पडू शकतो. जाहिरातीत १४० वॉट लिहिलंय म्हणून १४० शोधत बसू नका. या कार्डाची व्होल्टेजची मर्यादा आधी लागते, त्यामुळे बहुतेक गेम्समध्ये ते १०० च्या अलीकडे-पलीकडेच राहतं. ९० ते १०० वॉट स्थिर दिसले तर मशीन चोख आहे. ते ६० पर्यंत घसरून तिथेच बसलं तर मात्र लगेच बदलून घ्या.

आता आकडे खाली कसे आणायचे:

कंपनीच्या अ‍ॅपमध्ये कस्टम मोड असेल तर प्रोसेसरची दीर्घकाळची वीज ६० वॉटच्या आसपास बांधा. गेममध्ये ओझं ग्राफिक्स कार्डावर असतं, प्रोसेसरला १०० वॉट देऊन फ्रेम वाढत नाहीत, उष्णता तेवढी वाढते. रेंडर लावताना मर्यादा काढा.

विंडोजमध्ये मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट ९९ टक्के करायची युक्ती बरेच जण सांगतील. त्याने बूस्ट पूर्ण बंद होतो आणि हा प्रोसेसर २.२ गिगाहर्ट्झच्या आसपास खाली येतो. पीडीएफ वाचायला ठीक, रेंडरिंगला अजिबात नको.

एनव्हिडियाच्या सेटिंगमध्ये फ्रेमची मर्यादा लावा. कथेच्या गेमला ७५ पुष्कळ होतात.

आणि मागची बाजू दोन-तीन सेंटीमीटर उचला. हवा खालून आत येते. गादीवर, उशीवर ठेवून कधीच खेळू नका. साध्या स्टँडने जेवढा फरक पडतो तेवढा स्वस्तातल्या दिव्यांच्या कूलिंग पॅडने पडत नाही. ज्या पॅडला वरच्या बाजूने फोमची कड असते आणि जो हवा थेट खालच्या जाळीत दाबतो, तो खरंच काम करतो, पण आवाज मोठा आणि धूळही आत जास्त जाते. तो घेतलात तर जाळीची साफसफाई वेळच्या वेळी करावी लागेल.

मेळघाटी
वऱ्हाडातलाच आहे म्हणून एक भर. उन्हाळ्यात आपल्याकडे सगळ्यांच्या घरी डेझर्ट कूलर असतो. खोली थंड होते त्याचा लॅपटॉपला फायदाच आहे, पण लॅपटॉप कूलरच्या थेट झोतात ठेवू नका ताई. वाळ्याच्या ताट्यांचा भुसा उडतो, बारीक तुषार येतात, आणि बोअरच्या पाण्यातला क्षार पंख्याच्या पात्यांवर पांढरा थर धरतो. माझ्या लॅपटॉपची जाळी उघडली तेव्हा वाळ्याच्या काड्या उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकच्या पट्ट्यांत आडव्या अडकलेल्या होत्या. कूलर खिडकीत आणि टेबल बाजूच्या भिंतीला, असं ठेवा.

ओहमकाका
दुसरा आणि तिसरा मुद्दा माझ्या आवडीचा. विजेच्या कामात आयुष्य गेलं, त्यामुळे पोरी, हे जरा मनावर घे.

झाकणाला झिणझिण्या येतात याचा अर्थ शंभरातल्या नव्वद वेळा सॉकेटला अर्थिंग नाही. लॅपटॉप त्यात दोषी नसतो. चार्जरच्या आत विजेतला गोंधळ गाळण्यासाठी छोटे कपॅसिटर असतात, ते अर्थच्या तारेला जोडलेले. अर्थ मिळाला तर तो किंचित प्रवाह जमिनीत जातो. नाही मिळाला तर धातूच्या बॉडीवर मेनच्या साधारण निम्मं व्होल्टेज तरंगत राहतं. प्रवाह अगदी क्षीण असतो, जिवाला धोका सहसा नसतो, पण बाहेरचा मॉनिटर किंवा स्पीकर जोडताना त्यानेच पोर्ट जळू शकतात. आणि उद्या घरात दुसऱ्या एखाद्या उपकरणात खरा बिघाड झाला तर अर्थिंगशिवाय कोण वाचवणार? लॅपटॉपसाठी नको, गीझरसाठी तरी बघून घे.

वायरमनला बोलाव आणि समोर उभं राहून मल्टिमीटरने मोजून घे. फेज आणि अर्थमध्ये २३० च्या आसपास यायला हवेत, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थला काहीच्या काही आकडा आला तर तार तुटली आहे किंवा जोडलेलीच नाही. जुन्या घरांत तीन पिनांचा सॉकेट असतो आणि वरच्या मोठ्या भोकामागे तारच नसते. टू-पिनचा अ‍ॅडॉप्टर मध्ये लावत असशील तर तो आजच काढ.

इन्व्हर्टरचं म्हणशील तर जुने इन्व्हर्टर चौकोनी लहर देतात. साधे दिवे आणि पंखे त्यावर कसेबसे चालतात, पंखाही गुणगुणतो बघ. एवढ्या वॉटच्या चार्जरमध्ये पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट असतं, त्याला गोल साइन लहर लागते. चौकोनी लहरीवर ते तापतं, आवाज करतं, कधी बंद पडतं. लाईन गेली की चार्जर काढून बॅटरीवर काम कर. पुढे इन्व्हर्टर बदलायचा झाला तर प्युअर साइन वेव्हचाच घ्या, आणि २३० वॉटचा हा चार्जर, पंखे, दिवे, राउटर यांची बेरीज धरूनच क्षमता ठरवा.

कोथरूडकर_के
बॅटरीचं. दोन तास म्हणजे ग्राफिक्स कार्ड सतत जागं आहे. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये डिस्क्रीट किंवा अल्टिमेट असा मोड लागलेला असेल, तो हायब्रिड करून रीस्टार्ट करा. डिस्क्रीट मोडमध्ये पडदा थेट मोठ्या कार्डाला जोडला जातो. खेळताना त्याने फ्रेम वाढतात, पण पीडीएफ वाचतानाही ते कार्ड झोपत नाही. बॅटरीवर असताना पडदा १६५ वरून ६० हर्ट्झवर आणा, कीबोर्डचे दिवे बंद. चार-पाच तास मिळायला हरकत नाही. एचएक्स, म्हणजे जास्त वीज खाणाऱ्या, प्रोसेसरकडून त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नका.

घरी टेबलावर सतत चार्जिंगला असेल तर ८० टक्क्यांची मर्यादा लावून टाका. लिथियमच्या बॅटरीला पूर्ण भरलेलं राहणं आणि उष्णता, दोन्ही एकत्र सोसत नाही, आणि तुमच्याकडे उष्णता आहेच.

कॉलेजला तो अर्ध्या विटेएवढा चार्जर नेऊ नका. टाइप-सीने चार्ज होत असेल तर १०० वॉटचा छोटा चार्जर बॅगेत ठेवा. त्यावर गेम चालवायचे नाहीत, ऑटोकॅड आणि स्केचअपला पुरतो.

निशिगंध
अजून कुणी सांगितलं नाही म्हणून: नव्या विंडोज ११ मशीनवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की बऱ्याचदा ड्राइव्ह आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, होते. तिची रिकव्हरी की खात्यात जाऊन बघा आणि कागदावर लिहून ठेवा. उद्या बायॉस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेटनंतर निळ्या पडद्यावर ती की मागितली आणि खात्याचा पासवर्ड आठवत नसेल तर सबमिशनच्या आदल्या रात्री सगळे प्रोजेक्ट आत अडकतील. बॅकअप बाहेरच्या ड्राइव्हवर, आजपासून.

पडद्याला एकदा पूर्ण काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा रंग लावून खोलीत अंधार करून बघा. मेलेला पिक्सेल किंवा कोपऱ्यातून गळणारा प्रकाश मुदतीतच सापडलेला बरा.

मोर्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. एकेक करून पाहिलं.

ओहमकाका, तुमचं तंतोतंत खरं निघालं. वायरमनने माझ्या टेबलाजवळचा सॉकेट उघडला तर अर्थची हिरवी तार मागे होती, पण स्क्रूतून निसटून भिंतीला टेकलेली. ती बसवल्यावर न्यूट्रल-अर्थमध्ये दीड व्होल्ट आला. आता झाकणावर तळहात फिरवला तरी काही जाणवत नाही. बाबांनी लगेच त्याच्याकडून घरातले सगळे सॉकेट तपासून घेतले. स्वयंपाकघरातल्या मिक्सरच्या सॉकेटलाही अर्थ नव्हता.

रात्रपाळी दादा, कार्ड अर्ध्या तासानंतरही ९४ ते ९८ वॉट घेतंय. प्रोसेसर ६० वॉटवर बांधला आणि फ्रेम ७५ वर, तर तो ८४ च्या वर जात नाही आणि पंख्यांचा आवाजही खाली आला. आई शेजारच्या खोलीतून "विमान उतरलं का" असं आता विचारत नाही. पडद्यावर पिक्सेल सगळे जिवंत. बॅटरी हायब्रिडवर साडेचार तास गेली.

तर लॅपटॉप ठेवतेय. रॅमचा एकच स्लॉट भरलेला निघाला. डीडीआर५ ची दुसरी स्टिक घेताना वेग सारखाच लागतो ना? आतली ५६०० ची आहे.

सह्यवारा
हो, ५६०० चीच घ्या, १६ जीबी, लॅपटॉपची म्हणजे एसओडिम. जास्त वेगाची लावली तरी दोन्ही हळू स्टिकच्या वेगाने चालतील, पैसे वाया. जमलं तर त्याच कंपनीची घ्या. बसवायच्या आधी मशीन पूर्ण बंद करून आतला बॅटरीचा कनेक्टर काढा, आणि लावल्यावर पहिल्यांदा सुरू करताना पडदा काही मिनिटं काळा राहिला तर घाबरून बटण दाबू नका. डीडीआर५ ला नव्या रॅमशी जुळवून घ्यायला वेळ लागतो.