मदत हवी आहे: बडोद्यात गिटारच्या बैठकीसाठी साउंडवाला आणि छोटा हॉल

नमस्कार मंडळी,

माझा भाचा अकूस्टिक गिटार फिंगरस्टाइलने वाजवतो. हातात पिक (तारा छेडायची चकती) नाही, साथीला कोणी नाही. अंगठा जाड तारांवर बेस धरतो, बाकीची बोटं पातळ तारांवर चाल वाजवतात आणि मधूनच तळहात गिटारच्या लाकडावर पडून ठेका देतो. ऑस्ट्रेलियन गिटारवादक टॉमी इमॅन्युएलला ऐकलेल्यांना लगेच कळेल. नाट्यगीतापासून ब्लूजपर्यंत सगळं वाजवतो.

दिवाळीनंतर त्याची बैठक ठेवायची आहे. अडचण साउंडची. इथले साउंडवाले गरबा छान सांभाळतात, पण हे काम नाजूक आहे. पिकअपची (गिटारमध्ये बसवलेला, तारांचा आवाज उचलणारा भाग) वायर नुसती मिक्सरला जोडली की आवाज पातळ, प्लास्टिकसारखा येतो. व्हॉल्यूम चढवला की शिट्टी! डीआय बॉक्स (पिकअपचा सिग्नल मिक्सरला नीट जुळवून देणारी डबी) आणि गिटारच्या बाराव्या पडद्यासमोर एक कंडेन्सर माइक (बारीक आवाजही टिपणारा), दोन्हींचा मेळ घालणारा जाणकार माणूस हवा. सतारीची बैठक नीट सांभाळलेला असेल तरी चालेल.

हॉल शंभरेक माणसांचा, दांडिया बाजार किंवा रावपुऱ्याजवळ, म्हणजे ज्येष्ठांना सोपं पडेल. मात्र रस्त्याचे हॉर्न आत येता कामा नयेत. तो मधे तारा उतरवून डी-ए-डी-जी-ए-डी (सहा तारांचे वेगळे सूर) लावतो, तेव्हा शांतता लागतेच.

1886 साली गायक-वादक मौलाबक्षांनी गायनशाळा सुरू केली ते हे गाव, इथे असा माणूस नक्की असणार. कोणाचा अनुभव असेल तर साधारण भाड्यासकट सांगा ना, प्लीज.