कंपनीनं कमी केलं, आता कोर्सची फी परत मागतात. काय करावं?

आर्वीची_लेक
बुटीबोरी एमआयडीसीतल्या कंपनीनं माझ्या क्वालिटीच्या डिप्लोमाची 1,44,000 रुपये फी भरली. बाँड, म्हणजे नोकरी न सोडण्याचा करार, 3 वर्षांचा, त्यातले 21 महिने झाले. आता लाइन बंद करून आम्हाला कमी केलं. पूर्ण फी अधिक 18 टक्के जीएसटी, असे 1,69,920 मागताहेत. सही केलेले दोन कोरे चेक त्यांच्याकडे आहेत. एकदम 20,000 आणि महिन्याला 4,000, यापेक्षा जास्त जमणार नाही. वकिलासाठी पैसे नाहीत.

पऱ्हाटीवाला
ताई, एक रुपया देऊ नोको. काढलं त्याइनं, मंग पैसे काहून मागतेत? नागपूरले हायकोर्टाचा वकील पाय. पन्नासेक हजार लागतीन, पन हिसका बसन.

बुटीबोरी_एचआर
आधी बाँडचं कलम वाचा. ‘राजीनामा दिल्यास’ असं लिहिलं असेल तर कमी केलेल्या माणसाला ते लागू होत नाही. ‘कोणत्याही कारणाने नोकरी संपल्यास’ असेल तर वाद आहे. कमी केल्याचं पत्र जपून ठेवा. फोनवर म्हणतील, ‘राजीनाम्याचा मेल टाका, रिलीव्हिंग (कार्यमुक्तीचं पत्र) लगेच देतो.’ तो मेल टाकू नका. एकदा राजीनामा नोंदला की त्यांची बाजू भक्कम होते.

काटोलकर
बाँड 100 च्या स्टॅम्पवर असेल तर रद्दच समजा.

दिवाणी_दावा
रद्द होत नाही. कमी पडलेलं मुद्रांक शुल्क आणि दंड भरला की पुराव्यात घेतात. बाँड म्हणजेच बेकायदा, हेही खरं नाही. विजया बँकेच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं 2025 मध्ये 3 वर्षांचा, 2 लाखांचा बाँड ग्राह्य धरला. मात्र तिथे कर्मचाऱ्यानं स्वतः नोकरी सोडली होती.

करार कायद्याचं कलम 74 बघा. बाँडमधला आकडा ही कमाल मर्यादा, कोर्ट वाजवी भरपाईच देतं. 1,44,000 भागिले 36 म्हणजे महिन्याला 4,000. उरले 15 महिने, म्हणजे 60,000. त्यावरची मागणी टिकणं अवघड. जीएसटी लागतच नाही. जीएसटीच्या 3 ऑगस्ट 2022 च्या परिपत्रक 178 मध्ये बाँडच्या रकमेचा स्पष्ट उल्लेख आहे. क्रमांक घालून मेल करा.

पऱ्हाटीवाला
चेक स्टॉप करून टाक, मिटला विषय.

दिवाणी_दावा
मिटत नाही. स्टॉप पेमेंटवरही कलम 138, म्हणजे चेक न वटल्याचा गुन्हा, लागतं. चेक न वटता परत आला की त्यांना 30 दिवसांत नोटीस द्यावी लागते, नोटीस मिळाल्यापासून तुम्हाला 15 दिवस. ते 15 दिवस उत्तराविना घालवू नका. चेक बँकेत टाकला जाण्याआधीच ‘ही रक्कम मला मान्य नाही, चेक परत करा’ असं पत्र चेक नंबरासह स्पीड पोस्टनं पाठवा, पावती ठेवा.

काटोलकर
पीएफही अडवतील बघा.

बुटीबोरी_एचआर
पीएफमधून बाँडची वसुली करता येत नाही. कंपनीनं नोकरी सोडल्याची तारीख भरली नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी पीएफच्या यूएएन पोर्टलवर स्वतः भरता येते.

वर्धा_कोर्ट_रोड
ताईंनी बजेट सांगितलंय, ते कोणी वाचलं का? आर्वीच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती आहे. महिलांना उत्पन्नाची अट नाही, वकील मोफत मिळतो. साधा अर्ज, आधारची प्रत, बाँड आणि कमी केल्याचं पत्र घेऊन जा.

काटोलकर
मीही तेच म्हणतो, कलम वाचा आणि एक रुपया देऊ नका.

आर्वीची_लेक
सगळ्यांचे आभार. कलमात ‘कोणत्याही कारणाने’ आहे. वर्ध्याच्या नव्या नोकरीला रिलीव्हिंग लेटर लागतं, तारखा करत बसायला वेळ नाही. 60,000 चा प्रस्ताव देते: 20,000 आता, बाकी 4,000 चे दहा हप्ते. जीएसटी देणार नाही.

पऱ्हाटीवाला
काढलं त्याइनं अन् पैसे तू देतं? मले पटलं नाही बाप्पा.

दिवाणी_दावा
मग तडजोड लेखी करा. ‘पूर्ण व अंतिम’ हे शब्द, दोन्ही चेकचे नंबर आणि रिलीव्हिंगची तारीख त्यात हवी. दोन्ही चेक हातात आल्यावरच पहिले 20,000 द्या, तेही बँकेतून. हप्त्यांसाठी नवा चेक देऊ नका.