जुन्या लॅपटॉपला आतून वायफाय कार्ड आणि अँटेना बसवावा, की यूएसबीत खुपसायचा वायफाय डोंगल लावून मोकळं व्हावं?

धागाकर्ता, पुणे

आमच्या घरचा लॅपटॉप २०१५ सालचा. रॅम वाढवली, एसएसडी टाकली, आजही झकास चालतो. दुखणं एकच होतं, वायफायचं. घरात १०० एमबीपीएसचं फायबर, पण मुलीच्या ऑनलाइन क्लासमध्ये बाईंचं चित्र दर दोन मिनिटांनी गोठायचं. त्याच टेबलावर माझा फोन मात्र सुसाट.

मागचं झाकण उघडलं तेव्हा कारण सापडलं. आतलं कार्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झचं, म्हणजे वायफायच्या जुन्या, गर्दीच्या पट्ट्याचं, आणि त्याला अँटेनाची वायर एकच. संध्याकाळी आमच्या सोसायटीत पंचवीस-तीस नेटवर्क दिसतात, आणि २.४ वर एकमेकांच्या अंगावर न येणारी चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. अख्खी चाळ तीन नळांवर, अशी गत. ५ गिगाहर्ट्झला जागा ऐसपैस. आपल्याकडे त्यातला बराच मोठा पट्टा ऑक्टोबर २०१८ मध्ये परवानामुक्त झाला. राउटर तयार होता, लॅपटॉपच तिथवर पोचत नव्हता.

सेकंडहँड ड्युअल बँड (२.४ आणि ५ दोन्हीवर चालणारं) कार्ड साडेपाचशेला आणि अँटेनाची जोडी दोनशेला आणली, रविवारी बसवली. आता भिंतीपलीकडच्या खोलीतही ८५-९० मिळतात. माझं स्पष्ट मत: मशीन बाकी धडधाकट असेल तर डोंगलच्या नादी लागू नये, कार्ड आणि अँटेना आतच बसवावा. आतला अँटेना बहुधा स्क्रीनच्या वरच्या कडेला असतो, उंच आणि मोकळ्यावर. नखाएवढा डोंगल बसतो खाली, मदरबोर्डला खेटून, आपल्या हाताच्या आड.

लॅपटॉप दुरुस्ती, नाशिक

साफ असहमत. तुमचं जमलं याचा आनंद आहे. पण हे वाचून जे उघडायला बसतील, त्यांचे लॅपटॉप माझ्या काउंटरवर येतात.

कार्ड बदलणं म्हणजे एका स्क्रूचं काम, ते कुणीही करावं. अँटेना टाकणं वेगळं. त्यासाठी स्क्रीनची चौकट सोडवावी लागते, आणि दहा वर्षांचं प्लास्टिक वाळून कडक झालेलं असतं. त्याची लॉकं तुटतात. वायर जेमतेम एक मिलिमीटर जाडीची. बिजागरीतून नेताना ती दबली तर महिनाभर चालते, मग झाकण हललं की नेट जातं. मागच्याच महिन्यात कॉलेजचा एक मुलगा आला होता. वायर बिजागरीखाली चिरडलेली, आणि ओढाओढीत स्क्रीनची केबलही दुखावलेली. डिस्प्ले पांढराफटक. साडेचार हजारांचा खर्च त्याला सांगताना मलाच वाईट वाटलं.

अँटेनाची वायर जिथे अडकते ती कार्डावरची सोनेरी बटणं बघितलीत ना? मोहरीएवढी. जेमतेम तीसेक वेळा घालण्या-काढण्यासाठीच बनवलेली असतात. तिरकं दाबलं की कार्डावरून उखडतात.

आणि नखाएवढा डोंगल घ्या असं मीही म्हणत नाही. बाहेर अँटेना असलेला, ५ गिगाहर्ट्झवर चालणारा घ्या, मीटरभर एक्स्टेन्शन वायर लावा, खिडकीपाशी ठेवा. तुमचा आतला अँटेना तिथवर जाईल का? उद्या लॅपटॉप बदलला तर तोच डोंगल नव्याला चालतो.

एक प्रश्न. तुमचा जुना अँटेना २.४ चाच असणार. त्याच्या जोडीला दुसरा लावून ५ वर काय फायदा?

धागाकर्ता

दादा, प्रश्न नेमका आहे, हे मी आधीच लिहायला हवं होतं. जुना तसाच ठेवला नाही, दोन्ही नवे टाकले. २.४ ची लहर साडेबारा सेंटिमीटरची, तिच्या चौथ्या हिश्शाची म्हणजे तीनेक सेंटिमीटरची भुजा लागते. ५ गिगाहर्ट्झला साधारण दीड सेंटिमीटरच्या आत काम होतं. ड्युअल बँड अँटेनाच्या पत्र्यावर या दोन भुजा डोळ्यांनी दिसतात, एक लांब, एक आखूड. नुसतं नवं कार्ड टाकून लोक निराश होतात ते अनेकदा इथेच.

वायरीसाठी जुन्या वायरच्या टोकाला शिवणाचा दोरा बांधला, ती सावकाश ओढून काढली आणि त्याच दोऱ्याने नवी त्याच वाटेने आत घेतली. अँटेनाला तांब्याच्या वर्खाची शेपटी असते, ती स्क्रीनमागच्या धातूला नीट चिकटवली. बटणाचं म्हणाल, तर आधी बॅटरी सोडवायची, टोक बरोबर मध्यावर धरायचं आणि बोटाच्या पेराने सरळ खाली दाबायचं. 'टक्' असं बोटाला जाणवतं. नाही जाणवलं तर जोर लावायचा नाही, उचलून पुन्हा नेम धरायचा.

एक्स्टेन्शनचं मात्र मला पटत नाही. मुलगी लॅपटॉप उचलून आजीच्या खोलीत जाते, गॅलरीत बसते. मीटरभर वायर लोंबत असेल तर ती एका जागी खिळली.

शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा

आमच्याकडे सहा लॅपटॉप. सहा डोंगल घेतले होते, दोन उरलेत. एक बाकावर आपटून यूएसबी पोर्टसकट वाकला. लहान मुलांच्या हातात बाहेर आलेली वस्तू टिकत नाही, त्यामुळे मत धागाकर्त्यांच्या बाजूने. पण डेडस्टॉक रजिस्टरला चढलेलं यंत्र मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन उघडू शकत नाही. वर्गात राउटर होता, म्हणून आम्ही चार मशीन सरळ लॅन केबलने जोडली. लॅपटॉप जागचा हलत नसेल तर एवढं पुरतं.

लिनक्सवाला, कोल्हापूर

दोघंही एक गोष्ट सोडताय. उघडण्याआधी कार्ड कुठलं चालेल ते बघा. माझ्या एका जुन्या लॅपटॉपमध्ये नवं कार्ड टाकलं तर सुरू होतानाच 'अनधिकृत नेटवर्क कार्ड' असा संदेश आला आणि गाडी तिथेच थांबली. काही कंपन्यांनी बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये, मंजूर कार्डांची यादीच घालून ठेवली होती. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूत कुठलं कार्ड असावं हे मालकाने ठरवावं, या मतावर मी ठाम आहे.

दुसरा खड्डा नव्या मशीनमध्ये. इंटेलचं एएक्स२०० हे वायफाय कार्ड साध्या पीसीआय एक्सप्रेसवर (कार्ड जोडायच्या सर्वसाधारण पद्धतीवर) चालतं, एएमडीच्या लॅपटॉपमध्येही. एएक्स२०१ दिसायला जवळपास तसंच, खाचेतही बसतं, पण त्याचा अर्धा कारभार इंटेलच्या ठरावीक प्रोसेसर-चिपसेटमध्ये असतो. दुसरीकडे टाकलं तर ओळखच लागत नाही. शेवटच्या एका आकड्याने पैसे पाण्यात जातात. आणि जुन्या मिनी पीसीआय एक्सप्रेस कार्डाची बटणं मोठी, नव्या एम.२ प्रकारच्या कार्डाची आणखी बारीक, एकाची वायर दुसऱ्याला बसत नाही. अँटेना मागवताना हे विचारून घ्या.

बऱ्याच सडपातळ लॅपटॉपमध्ये वायफाय बोर्डावरच डाखलेलं असतं. तिथे हा वादच नाही, डोंगल घ्या.

लॅपटॉप दुरुस्ती, नाशिक

कोल्हापूरकरांचं बरोबर. एएक्स२०१ परत करायला महिन्याला दोघं-तिघं तरी येतात. दोऱ्याची युक्ती आम्हीही वापरतो, ती चांगली आहे. पण माझं मत तेच. कार्ड घरी बदला, चौकट उघडायची वेळ आली तर ज्याने पन्नास उघडल्यात त्याच्याकडे द्या. ताई, तुम्ही केबल टाकलीत ते उत्तम केलंत.

धागाकर्ता

दादा, चौकटीवर मी अर्ध्या वाटेपर्यंत येतो. पुढच्या आठवड्यात बहिणीचा लॅपटॉप येतोय, त्याची डावी बिजागरी आत्ताच कुरकुरते. तो मी उघडणार नाही. मागून बघितलं, वायरी दोन आहेत, काळी आणि पांढरी, म्हणजे फक्त कार्डाचं काम. अँटेनाच्या पट्टीवर ५ गिगाहर्ट्झचा उल्लेख आहे का ते मात्र मागून दिसत नाही. तुमच्याकडे आणला तर न तोडता बघून द्याल का?