जुन्या जाहिरातीतले पांढरे पीठ आणि आपली गिरणी

प्रश्न (नौपाडा, ठाणे):
जुन्या मासिकांच्या संग्रहात मला विसाव्या शतकाच्या प्रारंभीची एक अमेरिकन जाहिरात मिळाली. ‘गोल्ड मेडल’ पिठाच्या या जाहिरातीत ‘शेवटी हेच घ्याल, मग आत्ताच का नको?’ अशा अर्थाची ओळ ठळक छापली आहे. गव्हाविषयी मात्र अवाक्षर नाही. आपण दळण टाकताना गहू सिहोर की लोकवन, एवढे तरी बोलतो. हे पदक कोणी दिले आणि पिठाला एवढी जाहिरात का लागली?

उत्तर (घोडबंदर रस्ता):
पदक खरे आहे. मिनियापोलिसच्या वॉशबर्न गिरणीला ते १८८० मध्ये सिनसिनाटीच्या गिरणी-प्रदर्शनात मिळाले. त्याआधी २ मे १८७८ रोजी याच मालकांची मोठी गिरणी हवेतल्या पिठाच्या धुळीचा स्फोट होऊन उद्ध्वस्त झाली होती आणि १८ माणसे दगावली होती. नव्या गिरणीत हंगेरीच्या धर्तीचे, दाणा दळणारे फिरते लोखंडी रूळ आले. तिथल्या कडक गव्हाचा कोंडा दगडाखाली चुरा होऊन पिठात मिसळत असे, त्यामुळे पीठ काळपट दिसे आणि भाव पडे. रुळांनी दाणा टप्प्याटप्प्याने फुटल्यावर कोंडा मोठ्या पापुद्र्यांत सुटू लागला आणि चाळण्यांनी व हवेच्या झोताने तो वेगळा करता येऊ लागला. तेलकट अंकुरही निघून गेल्याने पीठ लवकर खवट होईना, म्हणून ते रेल्वेने दूरवर जाऊ लागले. ज्या ग्राहकाने गहू पाहिलाच नाही, त्याला छापील नावावरच विश्वास ठेवावा लागतो. जाहिरातीचे कारण माझ्या मते इतकेच.

उत्तर (नेरूळ):
पोळीसाठी मात्र दगडाचेच पीठ बरे. दगडाच्या दाबाने स्टार्चचे कण जास्त फुटतात, पीठ अधिक पाणी धरते आणि पोळी मऊ राहते. आपल्याकडे रूळ-गिरणीचा माल म्हणजे मुख्यतः मैदा आणि रवा. शिवाय गिरणीवाला समोर उभा असतो. पीठ जाडसर आले तर दगडाला टाकी लावायला, म्हणजे छिन्नीने पुन्हा खाचा पाडायला, तिथेच सांगता येते.

उत्तर (घोडबंदर रस्ता):
ही समोरासमोरची ओळख कंपनीला उसनी आणावी लागली. १९२१ मध्ये याच पिठाच्या एका कोडे-स्पर्धेच्या उत्तरांबरोबर बेकिंगविषयी इतक्या शंका आल्या की त्यांच्या उत्तरांखाली सही करण्यासाठी ‘बेटी क्रॉकर’ ही बाई कल्पनेतून निर्माण करण्यात आली. तिचे अधिकृत चित्र काढले गेले ते १९३६ मध्ये. तुमच्या जाहिरातीच्या पानावर सन छापलेला नसेल, तर एवढे तपासावे: ‘शेवटी हेच घ्याल’ ही ओळ जाहिरातींत १९०७ पासून दिसते.