मदत हवी आहे: वॉलॉप्सच्या लाँच पॅडशेजारी मशीन शॉप टाकावं का?

नमस्कार मंडळी,

मी मेरीलँडमध्ये सॉल्सबरीला राहतो. दोन व्हीएमसी (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशिनी) आणि एक लेथ, एवढंच शॉप. काम सगळं पोल्ट्रीवाल्यांचं, म्हणजे प्रोसेसिंग प्लांटच्या मशिनींचे स्टेनलेसचे सुटे भाग. आता खाली व्हर्जिनियात, ॲकोमॅक काउंटीत, वॉलॉप्सच्या नासा तळाला लागून काउंटीने रिसर्च पार्क काढलंय. तिथे शेड टाकायचं डोक्यात घोळतंय.

माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात: वॉलॉप्सहून १९४५ पासून रॉकेटं उडतात. १९६३ मध्ये थुंबाहून पहिलं रॉकेट उडालं, त्याआधी कलाम आणि त्यांचे सहकारी इथेच प्रशिक्षणाला आले होते. तरी २०२० च्या जनगणनेत काउंटीची लोकसंख्या जेमतेम ३३ हजार, आणि खाजगीतले मोठे रोजगार अजून कोंबडीच्या कारखान्यांतच. ऐंशी वर्षं रॉकेटं उडताहेत, मग आजूबाजूला शॉप्स का उभी राहिली नाहीत?

हालचाल आहे, हे खरं. रॉकेट लॅब या खाजगी कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये इथून आपलं पहिलं इलेक्ट्रॉन रॉकेट सोडलं. त्यांच्या मोठ्या न्यूट्रॉन रॉकेटच्या पॅडचं उद्घाटन ऑगस्ट २०२५ मध्ये झालं. पण अवकाश स्थानकाला माल नेणाऱ्या अँटारेस रॉकेटचं इथे काय झालं तेही बघितलंय. ऑक्टोबर २०१४ मध्ये ते उडाल्यावर काही सेकंदांतच खाली कोसळलं, पॅडचं नुकसान झालं, पुढचं उड्डाण थेट २०१६ मध्ये. मग त्याचा पहिला टप्पा युक्रेनचा आणि इंजिनं रशियाची, त्यामुळे युद्ध लागल्यावर पुरवठाच तुटला. ऑगस्ट २०२३ नंतर ते इथून उडालेलं नाही. अँटारेसवाल्या नॉर्थरॉप ग्रमन कंपनीचं सिग्नस हे मालवाहू यान आता फ्लोरिडाहून दुसऱ्याच्या रॉकेटवर बसून जातं. २०२० मध्ये कल्पना चावलांच्या नावाचं सिग्नस इथूनच गेलं होतं, आम्ही मुलांना घेऊन बघायला गेलो होतो. (डासांनी फोडून काढलं, पण ते असो.)

माझा बेत असा: ड्रॉइंग आलं की कॅम प्रोग्रॅमिंग (ड्रॉइंगवरून मशीनला द्यायच्या सूचना तयार करणं) पुण्याजवळ भोसरीला दादाच्या शॉपमध्ये करून घ्यायचं. आमची रात्र म्हणजे त्यांचा दिवस, सकाळी प्रोग्रॅम तयार. मी ग्रीन कार्डवर आहे, ऑपरेटर दोघंही इथलेच नागरिक. या धंद्यातलं कुणी असेल तर सांगा, कर्ज काढून जागा घ्यावी का?

टॉर्क_रेंच:
शेवटापासून सुरू करतो. भोसरीचा बेत आजच सोडून द्या. रॉकेटच्या बहुतेक ड्रॉइंगवर इटारचा, म्हणजे संरक्षण तंत्रज्ञान देशाबाहेर जाण्यावर बंधन घालणाऱ्या अमेरिकी नियमांचा, शिक्का असतो. परवान्याशिवाय ते पुण्याला पाठवणं म्हणजे निर्यात, आणि भावाला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवलात तरी तेच. एवढंच नाही, इथल्याच शॉपमध्ये एच-वन-बीवाल्या माणसाला दाखवलंत तरी कायदा त्याला निर्यातच म्हणतो. तुम्ही ग्रीन कार्डवाले, तुम्हाला स्वतःला अडचण नाही. पण फायली कुठल्या सर्व्हरवर राहतात, तिथे देखभालीला कोण बसतं, हेही विचारतात. प्रोग्रॅमर इथेच ठेवावा लागेल, तो खर्च धरून हिशोब पुन्हा मांडा.

खारा_वारा:
मी याच भागात राहते, नवरा तळावर कंत्राटी कामाला आहे. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर: रॉकेट इथून उडतं, पण बनतं दुसरीकडे. न्यूट्रॉनचंच बघा. इंजिनं कॅलिफोर्नियात लाँग बीचला बनतात, चाचणी मिसिसिपीत, कार्बन कॉम्पोझिटचे मोठे भाग बाल्टिमोरजवळ मिडल रिव्हरला. इथे जोडणी आणि उड्डाण. त्यात ही कंपनी जमेल तेवढं घरातच बनवणारी. उडणारा पार्ट तुमच्या व्हीएमसीवर येईल या भरवशावर कर्ज काढू नका, भाऊ.

काम मिळेल ते जमिनीवरचं: फिक्स्चर (भाग पकडून ठेवायचे साचे), उचलायचे बीम, पॅडवरचे ब्रॅकेट. खाऱ्या हवेत स्टीलचं काय होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे, त्यामुळे बदलाबदली कायम चालू. आणि उड्डाण तोंडावर आलं की "उद्या सकाळी पाहिजे" असा फोन येतो, तेव्हा कॅलिफोर्नियावाला कामाचा नसतो.

दुसरं, मोठ्या रॉकेटांकडेच बघत बसू नका. नासाचा साउंडिंग रॉकेटचा (उपकरणं थोडा वेळ वर नेऊन परत खाली येणारी छोटी रॉकेटं) कार्यक्रम इथूनच चालतो, वर्षाला साधारण वीस उड्डाणं. त्यातली बरीच अलास्का, नॉर्वे, न्यू मेक्सिकोतून होतात, पण पेलोडची, म्हणजे वर न्यायच्या उपकरणांची, जोडणी आणि चाचणी वॉलॉप्सला. नौदलाचं केंद्र आहे, हवामान उपग्रहांचं ग्राउंड स्टेशन आहे. अँटारेस बंद पडल्यावरही ही मंडळी रोज कामावर येत होती.

माणसं मिळणं मात्र कठीण. मेल्फाच्या कम्युनिटी कॉलेजमधून मुलं येतात, ती तळावरच खपतात. बाहेरून आणावीत तर राहायला घर नाही. जवळच्या शिंकोटीग बेटावर उन्हाळ्यात पर्यटकच सगळं भाड्याने घेतात.

टॉर्क_रेंच:
+१. शिवाय सॉल्सबरी ते वॉलॉप्स गाडीने तासाभराचा रस्ता. "उद्या सकाळी" वाला जॉब आहे तिथूनही देता येईल, शेड कशाला?

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. दादाला सांगायचं जिवावर आलंय, त्याने एक मुलगा खास शिकवून तयार केला होता. जागेचं तूर्त बाजूला ठेवतो. पोल्ट्रीचं काम चालू ठेवून नासाच्या कंत्राटदारांकडे फिक्स्चरचे कोटेशन टाकून बघतो. ताई, तिथली खरेदीवाली माणसं एएस ९१०० (विमान-अवकाश उद्योगाचं गुणवत्ता प्रमाणपत्र) नसलेल्या शॉपला दारात तरी उभी करतात का? आणि चार माणसांच्या शॉपने ते सर्टिफिकेशन केलेलं कुणी इथे आहे का? रोजचं काम सांभाळून कागदपत्रं कोण बघायचं, तेवढं सांगा.